सातबाऱ्यावर व्हिसा मिळत नाही

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसा मागताना वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ठरलेली आहे. युरो शंभर रुपयांना धरला, तर झाले अकरा लाख नव्वद हजार चारशे रुपये. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या घराला हे खातं धानातून भरायचं असेल, तर पाचशेहून जास्त क्विंटल धान खरेदी केंद्राच्या काट्यावर घालावं लागेल. एकरी पंधरा क्विंटल पीक धरा. तेहेतीस-चौतीस एकरांचा एका हंगामाचा सगळाच्या सगळा माल लागतो, आणि त्यातून खत, मजुरी, ट्रॅक्टर काहीही वजा करायचं नाही. एवढी जमीन गावात किती जणांकडे असते, हे ज्याने बांधीच्या चिखलात पाय घातला आहे त्याला सांगायला नको.

गंमत अशी की ही फी नव्हे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी घेतच नाहीत. बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात, एवढा मुख्य अपवाद. खात्यातले पैसेही विद्यार्थ्याचेच राहतात आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे त्याच्याच हातात पडतात. ते आधी दाखवायचे आहेत, एवढंच. परदेशी शिक्षणाबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते इंग्रजीचं, मार्कांचं आणि फार तर थंडीचं. माझ्या मते गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यातल्या मुलामुलींची गाडी अडते ती या दाखवण्यावर. घरात काहीच नसतं असं नाही. जे असतं ते परक्या कार्यालयाला वाचता येईल अशा कागदावर नसतं.

प्रत्येक देशाची दाखवायला सांगण्याची तऱ्हा वेगळी. ब्रिटनमध्ये फीची उरलेली रक्कम आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. त्या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी ती सगळ्यात कमी शिल्लकच मोजली जाते. शिवाय हा २८ दिवसांचा काळ संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज जायला हवा. पगारदार घराला हा नियम किरकोळ वाटेल. धानवाल्या घराचं वर्ष त्याच्याशी ताडून बघा. दिवाळीनंतर चुरणी होते, केंद्रावर नंबर लागतो, चुकारे खात्यात यायला डिसेंबर, जानेवारी, कधी फेब्रुवारी उजाडतो. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरायचं असतं. उन्हाळ्यात लग्नं येतात, घराची कवेलू फेरायची असतात. जून लागला की बियाणं, मग पऱ्हे, मग रोवणी. रोवणीच्या मजुरीला रोख पैसा लागतो. ब्रिटनचं सत्र सप्टेंबरात सुरू होतं आणि व्हिसाचा अर्ज जातो जून-जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे खातं वर्षातून एकदाच फुगतं ते जानेवारीत, आणि साहेब विचारतो आषाढात. जानेवारीतलं पासबुक आषाढात दाखवून उपयोग नाही, ते शिळं झालेलं असतं.

(वेळेवर फेडल्यास पीककर्जावरच्या व्याजात सवलत देणारी राज्याची योजना डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव १९२० मध्ये शिकायला विलायतेला गेले आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले. योजनेचा अर्ज भरताना हे कोणाच्या डोक्यात येत नसेल.)

पैसे कोणाचे, हाही प्रश्न असतो. ब्रिटनला विद्यार्थ्याचे स्वतःचे, आई-वडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे पैसे चालतात. आई-वडिलांच्या खात्यातले असतील तर जन्माचा दाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडायचं. काकांचे चालत नाहीत, मामांचे चालत नाहीत. एकत्र कुटुंबात मोठे काकाच सगळा व्यवहार बघतात आणि चुकारेही त्यांच्याच खात्यावर येतात, हे तिथल्या अधिकाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. अमेरिका या बाबतीत सैल आहे. विद्यापीठ आय-ट्वेंटी हा कागद देण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय विचारतं, पण ती सोय काका, मावशी, अगदी घरचा स्नेहीसुद्धा हमीपत्र देऊन करू शकतो. त्यामुळे देश निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी आपल्या घरातला पैसा कोणाच्या नावावर आहे ते पाहावं, असं मी म्हणेन. ऐकायला विचित्र वाटलं तरी.

आता कर्जाकडे वळू. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. परदेशात एका वर्षाची फीसुद्धा बहुधा याच्या वर जाते, म्हणून तारणाचा प्रश्न येतोच. आठ एकर धानाची जमीन, तलावाचं पाणी, सातबारा कोरा. वडिलांना वाटतं, यापेक्षा मोठं तारण काय असतं? बँकेचा माणूस मान हलवतो. तो अडवणूक करतो असं नाही. कर्ज बुडालं तर तारण जप्त करून विकण्याचा सोपा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन सावकारी पद्धतीने जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. परिणाम असा झाला की शैक्षणिक कर्जासाठी बँकेला शहरातला दोन खोल्यांचा फ्लॅट जवळचा वाटतो आणि आठ एकर लांबची.

त्यातही पायऱ्या आहेत. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातल्या आदिवासी घरांची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार बिगर-आदिवासीकडे सहजी जाऊ शकत नाही. तिचंही संरक्षण योग्यच, पण बँकेच्या वहीत ती तारण म्हणून उमटत नाही. गावठाणातलं घर असतं, त्याची वर्षानुवर्षं मोजणीच झालेली नसते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतात. घराच्या किमतीवर मोठं कर्ज उभं राहील असं नाही, पण ज्या घरात बारावीतली पोरगी परदेशाचं बोलू लागली आहे, त्या घराने ती पत्रिका आधी ताब्यात घ्यावी.

खाजगी वित्तसंस्था तारणाशिवाय मोठी रक्कम देतात. त्या विद्यापीठाचं नाव आणि विषयाला असलेली मागणी बघतात, व्याज जास्त लावतात आणि सहकर्जदार म्हणून नियमित पगाराचा माणूस मागतात. इथे वीस एकरांच्या पाटलापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी वजनदार ठरतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने बहुतेक शेतकरी विवरणपत्र भरत नाहीत. भरायला मात्र मनाई नाही. शेतीचं उत्पन्न दाखवून तीन वर्षं विवरणपत्र भरलेलं असेल, तर बँकेपुढे बोलायला काहीतरी असतं. खर्च थोडा, पण तो तीन वर्षं आधी करावा लागतो, आणि हेच कोणी सांगत नाही.

सरकारी योजनांच्या नावांनीही गोंधळ होतो. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या पुस्तिकांत ती अजून छापलेली सापडते.

पैशाच्या या प्रश्नाची एक जुनी गोष्ट इथल्या इतिहासाला लागून आहे. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडाऱ्यात होता. त्याच भंडारा मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले. पराभवाची ती गोष्ट इथे अनेकांना माहीत असते. त्यांच्या परदेशी शिक्षणाच्या पैशाची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते, आणि आजच्या विद्यार्थ्याला तीच जास्त कामाची आहे.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात करार होता, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले, १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. मिळवली, १९१६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सामानाचं जहाज वाटेत बुडवलं गेलं, त्यात पुस्तकं गेली. पुढे बडोद्यात काय वागणूक मिळाली ते सर्वश्रुत आहे. लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये ते पुन्हा निघाले तेव्हा मागे कोणतंही संस्थान एकटं उभं नव्हतं. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून काटकसरीने साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेलं कर्ज, अशी ती गोळाबेरीज होती. एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी त्या गोळाबेरजेवर झाली. आजही परदेशात शिकलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांचा हिशोब विचारला तर तो असाच तीन-चार तुकड्यांचा निघतो. एकच एक शिष्यवृत्ती सगळं भागवील अशी वाट बघत बसणारे मागे राहतात.

शिष्यवृत्त्या मात्र आहेत, आणि त्या सोडू नयेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण आणि उच्च शिक्षण या विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागा आहेत आणि त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. वय पस्तीसच्या आत, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत, आधीच्या परीक्षेत ६० टक्के आणि प्रवेश क्यूएस क्रमवारीतल्या पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकात, या तिच्या मुख्य अटी. फी, विमानभाडं आणि निर्वाहभत्ता मिळतो. हा भत्ता अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनसाठी ९,९०० पौंड. एक अट मला आजही खटकते. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. स्वतःच्या समाजाचा अभ्यास बाहेर जाऊन करायचा असेल तर इतर दारं ठोठवावी लागतात.

निवड झाली म्हणजे पैसे आले, असंही समजू नये. २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जण निवडले गेले आणि सुरुवातीला चाळिसांनाच तात्पुरती मंजुरीपत्रं मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असं सांगण्यात आलं. विद्यापीठाची अनामत भरायची तारीख आणि सरकारी यादी यांची गाठ पडेलच असं नाही. म्हणून प्रवेश मिळताच विद्यापीठाला पत्र लिहून, निकाल लागायचा आहे, अनामतीची मुदत वाढवा किंवा प्रवेश पुढच्या वर्षावर टाका, असं विचारावं. पुष्कळ विद्यापीठं ऐकतात. विचारायचं असतं हेच माहीत नसतं.

कागदांचं म्हणाल तर, जात वैधता प्रमाणपत्र बारावीत किंवा पदवीला प्रवेश घेताना काढलेलं नसेल, तर ते सगळ्यात आधी. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांना मुदत असते, वैधतेला नसते.

मग येते पदवी. गोंदियातली धोटे बंधू विज्ञान, नटवरलाल माणिकलाल दलाल यांसारखी महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. परदेशी विद्यापीठ महाविद्यालयाचा शिक्का पाहत नाही. गुणपत्रकं प्रमाणित होऊन येतात ती नागपूरहून. त्या खेपा आणि ते दिवस आधीच धरून चालावं. तीन वर्षांच्या बी. एस्सी.वर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं थेट पदव्युत्तर प्रवेश देत नाहीत, कारण त्यांना शाळा धरून सोळा वर्षांचं शिक्षण हवं असतं. इथून बी. एस्सी. झालेल्याला एम. एस्सी.चं निदान एक वर्ष पुरं करावं लागे. नव्या शैक्षणिक धोरणातला चौथ्या वर्षाचा ऑनर्स अभ्यासक्रम ही अडचण दूर करू शकतो. तीन वर्षांवर बाहेर पडण्याआधी हा विचार करावा. ब्रिटनला तीन वर्षं चालतात.

जर्मनीत गुणांची उलटी गंगा आहे: १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण तिथल्या मापात बदलायचं सूत्र सोपं आहे. शंभरातून आपले टक्के वजा करा, शंभरातून पासाचे टक्के वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. चाळीसला पास धरून ७० टक्क्यांचे होतात अडीच. कित्येक अभ्यासक्रमांची रेघ अडीचवर असते. म्हणजे नागपूर विद्यापीठाचे ६९ आणि ७१ यांत घरी कोणाला फरक दिसत नसला, तरी बाहेर दिसतो.

नावाचंही बघून घ्यावं. बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं मिळून दुसऱ्यात. एखाद्याने आडनावाचा रकाना मोकळा सोडला किंवा सगळं एकाच रकान्यात कोंबलं, तर अमेरिकेच्या कागदांवर त्याचं पहिलं नाव ‘अज्ञात’ म्हणून नोंदलं जातं आणि बँक खात्यापासून परवान्यापर्यंत ते चिकटून बसतं. पासपोर्टचा अर्ज भरताना दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

सल्लागारांबद्दल एकच सांगतो. नागपुरातली ‘मोफत’ कन्सल्टन्सी फुकट काम करत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली विद्यापीठं प्रत्येक प्रवेशामागे तिला कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही. पण जर्मनीची सरकारी विद्यापीठं कमिशन देत नसल्याने तिथली फी नसलेली जागा अशा टेबलावर सहसा निघत नाही, महागडी खाजगी मात्र निघते. पैसे न घेता आणि कमिशनही न घेता मदत करणारे लोक विदर्भात आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकायला गेले. त्यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था घरातल्या पहिल्या पदवीधरांना अर्ज कसा लिहायचा ते शिकवते.

डॉक्टरकीसाठी बाहेर जाणाऱ्यांची वाट पूर्ण वेगळी, आणि जास्त निसरडी. ‘नीट’ परीक्षेत पात्र झाल्याशिवाय परदेशी एमबीबीएसला इथे किंमत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार शिक्षण निदान ५४ महिन्यांचं आणि इंग्रजी माध्यमातून हवं, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर ३०० गुणांच्या परीक्षेत १५० मिळवायचे. डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही वेळी पाचांतला साधारण एकच उत्तीर्ण झाला. युक्रेनच्या युद्धाने २०२२ मध्ये या पोरांची नावं एकदम बातम्यांत आली. बाकी वर्षं ती कोणी मोजत नाही. गोंदियात २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या जागा थोड्या गुणांनी हुकल्या म्हणून घर गहाण टाकून कुठलंही कॉलेज धरण्यापेक्षा एक वर्ष पुन्हा नीट द्यावी, हे माझं मत.

सगळे कागद जुळले तरी एक कागद विद्यार्थ्याने स्वतः लिहायचा असतो: मला हेच का शिकायचं आहे. इथे आपली मुलं ‘लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड’ छापाचं उसनं लिहितात. अर्जुनी मोरगावच्या मुलाच्या घरामागे माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव असतो. कोहळी समाजाने बांधलेली, मालगुजारांनी राखलेली आणि १९५० नंतर मालगुजारी गेल्यावर सरकारजमा होऊन गाळाने भरत गेलेली ही तलावांची व्यवस्था म्हणजे सामाईक पाण्याचं व्यवस्थापन. हा विषय जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जातो; एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल सामाईक संसाधनांच्या अभ्यासासाठीच मिळालं. धानाचं म्हणाल तर त्याची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९६० पासून फिलिपाइन्समध्ये आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे क्रांतीच्या वेडाने अमेरिकेत गेले, तिथे शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्याचं संशोधन करून तिथल्या शेतकऱ्यांचे झाले. विदर्भाच्या पोराला शेती सोडायलाच बाहेर जावं लागतं, असा काही नियम नाही.

शेवटी तब्येतीचं. पूर्व विदर्भ सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या पट्ट्यात येतो. वाहक असाल तर रोजच्या जगण्यात सहसा त्रास होत नाही. आजार असेल तर कडाक्याची थंडी, पाणी कमी पिणं आणि लांबचा विमानप्रवास वेदनेचा झटका आणू शकतात. म्हणून आपण वाहक की रुग्ण, हे निघण्याआधी माहीत हवं आणि अहवाल इंग्रजीत जवळ हवा. ब्रिटनमध्ये आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे रुग्ण बरेच असल्याने तिथल्या डॉक्टरांना हा आजार नवा नाही, नवजात बाळांची तपासणीही तिथे नेहमीची आहे. युरोपातल्या एखाद्या लहान गावात मात्र भारतीय विद्यार्थ्याला सिकलसेल असेल असं पटकन कोणाच्या मनात येणार नाही. ते आपण सांगायचं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि त्यासाठी नागपूरला जावं लागत नाही.